पीआरचा हिशेब प्रवेशाआधीच मांडा

मुलाला किंवा मुलीला शिकायला परदेशी पाठवायचे ठरले, की घरात चौकशी सुरू होते ती विद्यापीठाची, फीची, शिष्यवृत्तीची आणि राहण्या-खाण्याच्या खर्चाची. ‘पुढे तिथे कायमचे राहता येईल का?’ हा प्रश्न मात्र बहुतेक पालक समुपदेशकासमोरून उठता उठता, थोडे संकोचून विचारतात. त्यांना ठरावीक उत्तर मिळते : ‘शिक्षण झाले की नोकरी, नोकरी लागली की पीआर.’ या एवढ्या आश्वासनावर घर गहाण टाकून कर्ज काढले जाते.

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, आणि त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. विद्यापीठातला प्रवेश, नोकरीचा परवाना आणि कायम वास्तव्याचा हक्क या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत आणि एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. पण तिसरी मिळेल की नाही, हे बऱ्याच अंशी पहिलीची निवड करतानाच ठरून जाते. म्हणून पीआरचे नियम शेवटच्या अटीपासून सुरुवात करून उलट दिशेने वाचायचे आणि मग अभ्यासक्रम निवडायचा, असा माझा प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रह असतो.

रांग, स्पर्धा की अटी?

देश निवडताना तिथली पीआरची पद्धत कोणत्या प्रकारची आहे ते आधी ओळखा.

अमेरिकेत रांग आहे. नोकरीच्या आधारे दिली जाणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार असतात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. भारतात जन्मलेले अर्जदार प्रचंड संख्येने असल्याने हुशार, उत्तम पगाराच्या इंजिनिअरलाही दहा वर्षांहून जास्त थांबावे लागते. शिवाय त्याआधी बहुधा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत पार करावी लागते.

कॅनडात स्पर्धा आहे. २०१५पासून तिथे एक्स्प्रेस एंट्री ही गुणांची पद्धत चालते. वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांना गुण मिळतात आणि निवडीची किमान गुणसंख्या प्रत्येक फेरीत वर-खाली होते. सरकार नियमही बदलते. जानेवारी २०२४मध्ये विद्यार्थी परवान्यांवर संख्येची मर्यादा आली, तर २५ मार्च २०२५पासून हातात नोकरी असल्याबद्दलचे जादा गुण बंद झाले. त्या गुणांवर बेत आखलेल्यांचा हिशेब एका दिवसात कोसळला.

जर्मनीत अटी आहेत. कुशल कामगारांच्या पीआरला तिथे देशनिहाय कोटा नाही, सोडत नाही आणि इतरांच्या गुणांशी तुलनाही नाही. कायद्यात लिहिलेल्या अटी पूर्ण करा आणि अर्ज करा, अशी ही पद्धत आहे. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे, आणि पुण्या-मुंबईतल्या जर्मनच्या वर्गांमधली गर्दी आपण पाहतोच. म्हणून पुढचे विवेचन जर्मनीपुरते करतो. पण हिशेब मांडण्याची ही रीत कोणत्याही देशाला लागू पडते.

शेवटची अट आधी वाचा

जर्मन विद्यापीठाची पदवी घेऊन त्या पदवीला साजेशी कुशल नोकरी करणाऱ्याला २ वर्षांनंतर पीआरचा अर्ज करता येतो. अटी अशा : कुशल नोकरीचा परवाना २ वर्षे हातात असावा, सरकारी पेन्शन विम्याचे २४ मासिक हप्ते भरलेले असावेत, जर्मन भाषा बी१ पातळीची असावी, घर कुटुंबाला पुरेल एवढे असावे, आणि तिथल्या कायद्याची व समाजव्यवस्थेची मूलभूत माहिती असावी. माहितीच्या चाचणीत ३३ प्रश्न असतात, त्यांतले १५ बरोबर आले की उत्तीर्ण. पदवी भारतातली असेल तर हीच मुदत ३ वर्षांची आणि हप्ते ३६ होतात.

ब्लू कार्ड म्हणजे पदवीधरांसाठीचा, ठरावीक पगारावरच्या नोकरीचा परवाना. तो असलेल्यांना आणखी सवलत आहे. जर्मन ए१ पातळीची असेल तर २७ महिन्यांनी आणि बी१ असेल तर २१ महिन्यांनी त्यांना अर्ज करता येतो. ब्लू कार्डासाठी पगाराची किमान मर्यादा असते. २०२५ साली ती वर्षाला ४८,३०० युरो होती. मनुष्यबळाचा तुटवडा असलेल्या व्यवसायांसाठी आणि पदवी घेऊन ३ वर्षे उलटली नाहीत अशांसाठी ती ४३,७५९.८० युरो होती. हे आकडे दर जानेवारीत बदलतात, त्यामुळे अर्जाच्या वर्षीचा आकडा तपासावा.

आता या अटी पुन्हा एकदा वाचा. विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतले स्थान त्यांत कुठेही नाही. आहे ती पदवीला साजेशी नोकरी, नियमित हप्ते आणि भाषा. तरीही घरोघरी सर्वांत जास्त चर्चा होते ती क्रमवारीची आणि सर्वांत कमी भाषेची.

एका विद्यार्थिनीचा हिशेब

समजा, नाशिकची एक मेकॅनिकल इंजिनिअर ऑक्टोबर २०२६मध्ये जर्मनीत मास्टर्सला जाते. चार सत्रांचा अभ्यासक्रम वेळेत संपला तर सप्टेंबर २०२८मध्ये तिची पदवी पूर्ण होते. त्यानंतर नोकरी शोधण्यासाठी तिला १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळू शकतो आणि त्या काळात पोटापाण्यासाठी कोणतेही काम करता येते. १ एप्रिल २०२९ला ती ब्लू कार्डाच्या पगाराच्या नोकरीवर रुजू झाली असे धरू.

तिची जर्मन बी१ असेल तर २१ महिने डिसेंबर २०३०अखेर भरतात. ए१वरच थांबली असेल तर जून २०३१ उजाडतो. पगार ब्लू कार्डाच्या मर्यादेखाली राहिला तरी जर्मन पदवीमुळे २४ महिन्यांनी, म्हणजे मार्च २०३१अखेर ती पात्र होते. पण या वाटेवर बी१ सक्तीची आहे. म्हणजे भाषा शिकली तर दोन्ही वाटा खुल्या राहतात आणि न शिकल्यास सगळे एका पगाराच्या आकड्यावर अवलंबून राहते.

हे झाले सगळे सुरळीत पार पडल्यास. प्रत्यक्षात प्रबंधामुळे चार सत्रांची पाच-सहा होतात. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात भेटीची वेळ मिळायला मोठ्या शहरांत महिनोन् महिने लागतात. अर्धवेळ कामात जास्त तास घालवले की विषय राहतात, विषय राहिले की पदवी लांबते आणि पुढची प्रत्येक तारीख सरकते. म्हणून हिशेबात किमान १ वर्षाची ढील ठेवा.

प्रवेश घेताना काय तपासायचे?

पहिली गोष्ट म्हणजे संस्थेची मान्यता. जर्मन शासनाच्या ॲनाबिन या माहितीसंग्रहात संस्थेपुढे ‘एच प्लस’ असा शेरा आहे का, ते स्वतः पाहा. ही तपासणी फुकट होते. अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करायचा आहे ना, हेही लेखी विचारा. बराचसा ऑनलाइन चालणारा अभ्यासक्रम विद्यार्थी परवान्याच्या मुळावरच येऊ शकतो.

दुसरी गोष्ट फीची. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसते, फक्त सत्राचे किरकोळ शुल्क असते. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातली सरकारी विद्यापीठे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो आकारायला सुरुवात केली आहे. खासगी संस्थांची फी याहून बरीच जास्त असू शकते. एजंट एखाद्या खासगी संस्थेचा फारच आग्रह धरत असेल, तर ‘तुम्हाला या संस्थेकडून कमिशन मिळते का?’ असे सरळ विचारा. हा प्रश्न विचारणे हा तुमचा हक्क आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी नोकरी बहुधा जर्मन बोलणाऱ्या कार्यालयात असते. मोठ्या शहरांतल्या काही सॉफ्टवेअर कंपन्या सोडल्या, तर कारखाना, बांधकाम, रुग्णालय किंवा मध्यम आकाराची कुटुंबाच्या मालकीची कंपनी, कुठेही जर्मनशिवाय पान हलत नाही. पुण्यातल्या मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकण्याची सोय अनेक वर्षांपासून आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सुरुवात केली तर जाण्याआधी बी१पर्यंत सहज पोहोचता येते. तिथे गेल्यावर शिकू म्हणणाऱ्या बहुतेकांचे प्रबंध आणि अर्धवेळ नोकरीच्या धांदलीत राहूनच जाते.

कागदपत्रे, पैसे आणि काम

भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२पासून व्हिसाच्या अर्जासोबत एपीएस प्रमाणपत्र जोडावे लागते. आपल्या गुणपत्रिका खऱ्या आहेत की नाहीत, याची ती छाननी असते. त्यात वेळ जातो, म्हणून प्रवेशपत्राची वाट न पाहता आधीच अर्ज करा.

खर्चाची तयारी दाखवण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंदिस्त खात्यात ठेवावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी हे सुमारे १२ लाख रुपये होतात. यांतून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात आणि म्युनिकसारख्या शहरात घरभाड्यातच त्यांतला मोठा भाग जातो. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. त्यातून हातखर्च सुटतो, कर्जाचे हप्ते नव्हे. ‘मुलगा तिथे कमावून फेडेल’ हे गणित शिकण्याच्या काळापुरते तरी बाजूला ठेवा.

व्हिसा नाकारला गेल्यास पूर्वी विनाशुल्क फेरविचाराचा अर्ज करता येत असे. १ जुलै २०२५पासून ती सोय बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करायचा किंवा न्यायालयात जायचे. त्यामुळे पहिलाच अर्ज नीट भरा. अनुभवाचे खोटे पत्र किंवा बँकेत चार दिवसांसाठी फिरवून आणलेली रक्कम असले सल्ले कोणी देत असेल तर त्याच्या दारातून परत या. आज खपलेला खोटा कागद पाच वर्षांनी पीआरच्या अर्जाच्या वेळीही वर येऊ शकतो.

विद्यापीठाशिवायचीही वाट आहे

प्रत्येकाने मास्टर्सच करावे असे नाही. आउसबिल्डुंग म्हणजे कंपनीत काम करता करता घेतलेले व्यावसायिक प्रशिक्षण. साधारण दोन ते साडेतीन वर्षांच्या या काळात दरमहा विद्यावेतन मिळते, आणि प्रशिक्षण संपवून त्या कामाची कुशल नोकरी धरली की पीआरसाठी तीच २ वर्षांची सवलत लागू होते. जर्मन मात्र सुरुवातीपासूनच पक्की हवी. परिचारिकांना त्यांच्या भारतीय पदविकेला तिथे मान्यता मिळवावी लागते आणि त्यासाठी सहसा बी२पर्यंतची भाषा लागते.

महाराष्ट्र सरकारने २०२४मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला. अशा योजनेतून जाणाऱ्यांनीही हेच विचारावे : माझा परवाना कायद्याच्या कोणत्या कलमाखाली असेल, तो काळ पीआरसाठी धरला जाईल का आणि पेन्शनचा हप्ता पहिल्या महिन्यापासून कापला जाईल का?

पालक नेहमी विचारतात ते

*पीआर मिळाल्यावर भारतात परत आले तर?* सहा महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिल्यास पीआर सर्वसाधारणपणे संपते. ब्लू कार्डावरून पीआर घेतलेल्यांसाठी ही मुदत १२ महिन्यांची आहे. घरच्या आजारपणासाठी लांब रजेवर येण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी.

*पीआर म्हणजे नागरिकत्व का?* नाही. पीआर घेऊनही भारतीय पासपोर्ट कायम राहतो. जर्मन नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे ५ वर्षांचे वास्तव्य लागते. जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला चालत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व संपते आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचे ओसीआय कार्ड काढता येते. त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते. शेती असलेल्या घरांनी हा निर्णय सगळ्यांनी बसून घ्यावा.

*आम्हाला तिकडे नेता येईल का?* १ मार्च २०२४ला किंवा त्यानंतर पहिल्यांदा कुशल नोकरीचा परवाना मिळालेल्यांना आईवडिलांना बोलावण्याची तरतूद आहे. पण त्यांच्या खर्चाची आणि आरोग्यविम्याची हमी द्यावी लागते, आणि उतारवयात तो विमा मिळवणे फार अवघड जाते. या तरतुदीवर आपल्या म्हातारपणाचा बेत आखू नका.

कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी

नियम बदलतात. जर्मनीने अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२५मध्ये, ३ वर्षांत नागरिकत्व देणारी खास वाट बंद केली. उद्या पीआरच्या मुदतीही वाढू शकतात. त्यामुळे कितीही नेटका हिशेब मांडला तरी तो हमी ठरत नाही. म्हणूनच पदवी अशी निवडा, की मूल पाच वर्षांनी परत आले तरी इथे त्या शिक्षणाला किंमत असेल, आणि कर्ज एवढेच काढा, की भारतातल्या पगारात ते फिटू शकेल.

पालकांना एक कळकळीची विनंती आहे. ‘पीआर घेऊनच ये’ असे मुलांना सांगू नका. त्या एका वाक्याच्या दडपणाखाली मुले कौशल्य न लागणारी, मिळेल ती नोकरी धरतात, ती नोकरी पीआरला कुशल म्हणून धरली जात नाही, आणि तरीही घरी खरे सांगण्याची हिंमत त्यांना होत नाही. परत येण्याची वाट मोकळी आहे हे ज्या मुलाला माहीत असते, ते तिथे शांतपणे योग्य नोकरीची वाट पाहू शकते.

म्हणून सही करण्याआधी मुलासोबत बसा आणि तीन प्रश्नांची उत्तरे लेखी काढा. या अभ्यासक्रमातून मिळणारी नोकरी पीआरच्या अटीत बसते का? जाण्याच्या तारखेपर्यंत भाषा कोणत्या पातळीवर असेल? आणि पीआर मिळालीच नाही तर कर्ज कसे फिटेल? तिन्हींची उत्तरे आकड्यांत आणि तारखांत देता आली तर निर्धास्त पाठवा. एखाद्याचे उत्तर अडले तर एक सत्र थांबा, भाषा शिका आणि पुढच्या प्रवेशासाठी अर्ज करा. जर्मनीत वर्षातून दोनदा, उन्हाळी आणि हिवाळी, अशी सत्रे सुरू होतात. सगळेच अभ्यासक्रम दोन्ही वेळा उघडत नाहीत, पण तयारी नसताना घाईने निघण्यापेक्षा ते थांबणे परवडते.