मे महिन्यातली पेस्ट

आयसीच्या पायांमध्ये कथलाचे बारीक पूल, रेझिस्टरच्या कडेला मोहरीहून लहान चकचकीत गोळ्या. जळगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये ओव्हनमधून निघालेल्या पहिल्या दहा बोर्डांपैकी सात असे होते. शेड प्रस्तुत लेखकाचीच. बोर्ड विहिरीवरच्या मोटारीच्या मोबाइल स्टार्टरचे. महिना मे, बाहेर पारा ४५ अंशांवर.

पहिला संशय ओव्हनवर गेला. तापमान वाढवलं, पट्ट्याचा वेग कमी केला. बोर्ड काळवंडले, शॉर्ट तसेच राहिले. दोन दिवस त्यात गेले. मग धुळ्याहून आलेल्या एका जुन्या तंत्रज्ञाने ओव्हनकडे न बघता स्टेन्सिलच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारली. कडक, ताणलेला आवाज यायला हवा होता. आला तो ढब्ब. "भाऊ, भट्टीत काही नाही. छपाई बघा," एवढं बोलून त्याने नुकताच छापलेला, न भाजलेला बोर्ड भिंगाखाली धरला. सोल्डर पेस्ट आपली जागा सोडून शेजारच्या पॅडपर्यंत पसरली होती.

स्टेन्सिल म्हणजे बोर्डावर पेस्ट छापायचा, लेसरने भोकं पाडलेला स्टीलचा पातळ पत्रा, जाडी साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर पॉलिएस्टरच्या जाळीने तो चारी बाजूंनी ताणून चिकटवतात. हा ताण नव्या फ्रेममध्ये साधारण ३५ न्यूटन प्रति सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असतो आणि तो मोजायला मीटर मिळतो. इथल्या फ्रेमची जाळी एका कोपऱ्यात गोंदातून सुटली होती. पत्रा बोर्डाला सपाट टेकत नव्हता, स्क्वीजीची पट्टी फिरली की पेस्ट खालच्या फटीत शिरत होती.

जाडीचा हिशेबही चुकला होता. भोकाची रुंदी पत्र्याच्या जाडीच्या किमान दीडपट हवी, नाहीतर पेस्ट भोकातच अडकते. ०.२ मिलिमीटरच्या भोकाला ०.१५ चा पत्रा चालत नाही, ०.१२ चा चालतो. एका बाजूला शॉर्ट आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट भरलेले सांधे, असं एकाच बोर्डावर का दिसत होतं, ते तेव्हा कळलं.

मोठी चूक मात्र पेस्टच्या डब्याशी झाली होती. सोल्डर पेस्टमध्ये वजनाने सुमारे ९० टक्के धातूची भुकटी असते, उरलेला फ्लक्स. ती फ्रिजमध्ये दहा अंशांखाली ठेवतात. गार डबा बाहेर काढून लगेच उघडला, की हवेतली वाफ पेस्टवर धरते. तेच पाणी ओव्हनमध्ये उसळतं आणि कथलाच्या गोळ्या उडतात. डबा झाकणबंद ठेवून तीन-चार तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा असतो. घाईत तो दहा मिनिटांत उघडला गेला. त्यावर शेडच्या छपराच्या पत्र्याखालची उष्णता. छपाईला पंचविशीच्या आसपासचं तापमान मानवतं. चाळिशीत पेस्ट सैल पडून पसरते आणि तिचा फ्लक्स लवकर सुकतो. वीज गेली की फ्रिजही तापतो, म्हणून आत थर्मामीटर हवाच. स्टेन्सिलवर उरलेली पेस्ट ताज्या डब्यात परत टाकू नये. छपाई बिघडलेला बोर्ड नुसत्या फडक्याने पुसला तर भुकटी बोर्डाच्या भोकांमध्ये जाऊन बसते. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट धुवावा.

शॉर्ट निदान टेबलावर पकडता येतो. कमी पेस्टचा सांधा टेस्टिंगमध्ये पास होतो आणि शेतात दगा देतो. विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत दुपारी तापून, रात्री निवून, मोटारीच्या थरथरीने तो सुटतो. शेतीची वीज अनेकदा रात्रपाळीची असते. स्टार्टर बंद पडला, की शेतकऱ्याला बॅटरी घेऊन अंधारात केळीच्या बागेतून विहिरीपर्यंत जावं लागतं. ज्या सांध्यात कथील पुरेसं नाही, तो बोर्ड गिऱ्हाइकाला देऊ नये. इथे सवलत नको.

या शेडमध्ये आता छपाईसाठी प्लायवूडचं पार्टिशन घालून एसीची छोटी खोली केली आहे. फ्रिजच्या दाराला वही टांगलेली आहे, तिच्यात डबा बाहेर काढल्याची वेळ लिहितात. नवीन ओव्हन घ्यायच्या विचारात असलेल्या खान्देशातल्या छोट्या कारखानदारांनी आधी हा खर्च करावा.