लहान खासगी विमान : त्याची मालकी, साहित्य व निगा

मोटारगाडी वाटेंत बंद पडली तर ती कडेला ढकलून ठेवतां येते आणि दुरुस्ती करणारा मनुष्य येईपर्यंत झाडाखालीं स्वस्थ बसतां येतें. विमानाच्या बाबतींत ही सोय नाहीं. आकाशमार्गाला कड नसते. जो बिघाड जमिनीवर केवळ खोळंबा करतो, तोच चार हजार फुटांवर प्राणावर बेततो. ह्या एका भेदामुळें विमानाची मालकी इतर कोणत्याही वाहनाच्या मालकीहून निराळी ठरते. ह्या लेखांत आम्ही लहान खासगी विमान बाळगणें म्हणजे काय, त्यावर कोणतें साहित्य असावें लागतें आणि त्याची निगा कशी राखतात, ह्या गोष्टींचा थोडक्यांत विचार करणार आहों. उदाहरणासाठीं आम्ही अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें हा देश व सेस्ना १७२ हें विमान घेतलें आहे. खासगी विमानें बाळगण्याची चाल त्या देशांत फार मोठ्या प्रमाणावर आहे, आणि एकाच नमुन्याचीं विमानें मोजलीं तर सेस्ना १७२ इतकीं दुसरीं कोणतींही आजवर बांधलीं गेलीं नाहींत.

विमानाची ओळख :— सेस्ना १७२ हें विमान प्रथम इ. स. १९५५ मध्यें उडालें व १९५६ पासून विक्रीस आलें. ह्या जातीचीं ४४,००० हून अधिक विमानें तयार झालीं आहेत. त्यांत वैमानिकासह चौघांना बसण्याची जागा असते. पंख डोक्यावर असल्यामुळें खालची जमीन स्वच्छ दिसते. पुढें एकच इंजिन व त्याच्या तोंडाशीं पंखा असतो. आरंभीच्या विमानांत सहा सिलिंडरांचें १४५ अश्वशक्तीचें इंजिन असे. पुढें १९६८ च्या सुमारास चार सिलिंडरांचें १५० अश्वशक्तीचें इंजिन आलें. अलीकडच्या विमानांत तें १८० अश्वशक्तीचें असतें. इंजिन थंड ठेवण्यासाठीं मोटारीप्रमाणें पाणी वापरीत नाहींत. समोरून येणारी हवाच तें काम करते. प्रत्येक सिलिंडरांत ठिणगी पाडणारे दोन प्लग असतात, आणि त्या ठिणगीसाठीं वीज उत्पन्न करणाऱ्या मॅग्नेटो नांवाच्या यंत्राचीही योजना दुहेरी असते. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालू राहावें, हा त्यांतील हेतु. जेथें एकास दोन ठेवणें शक्य होतें तेथें रचनाकारांनीं अशी तजवीज केली आहे; परंतु इंजिन एक, पंखा एक आणि वैमानिकही बहुधा एकच. तेथें सर्व भार मालकाच्या निगेवर पडतो.

खरेदी :— नवीं विमानें फार महाग असल्यामुळें पुष्कळ मालक जुनेंच विमान विकत घेतात. १९८६ ते १९९६ ह्या दहा वर्षांत तर सेस्ना १७२ बांधणें थांबलेंच होतें. म्हणून चाळीस-पन्नास वर्षांचीं विमानें आजही नित्य उडतांना आढळतात. विद्यार्थ्यांना ह्याचें आश्चर्य वाटेल. परंतु विमानाचें वय केवळ वर्षांनीं मोजीत नाहींत. तें उड्डाणाच्या तासांनीं आणि निगेच्या वह्यांनीं मोजतात. सांगाड्याची, इंजिनाची व पंख्याची अशा स्वतंत्र वह्या ठेवण्याची पद्धत आहे. कोणत्या दिवशीं, किती तास झाले असतांना, कोणतें काम कोणीं केलें, तें ह्या वह्यांत सहीनिशी लिहिलेलें असतें. शहाणा खरेदीदार विमानाचा रंग पाहण्यापूर्वीं ह्या वह्या पाहतो, आणि विक्रेत्याशीं ज्याचा संबंध नाहीं अशा मेकॅनिककडून पत्र्याचा गंज, जुन्या अपघाताच्या खुणा व सिलिंडरांतील दाब तपासून घेतो. वह्या हरवलेल्या विमानाची किंमत उतरते, कारण त्याचा पूर्वेतिहासच हरवलेला असतो.

निगा राखल्यास विमान किती टिकतें, ह्याचें एक उदाहरण आपल्या देशांतलेंच आहे. श्री. जे. आर. डी. टाटा ह्यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं पस मॉथ जातीच्या लहान विमानांतून कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू विमानतळापर्यंत उड्डाण केलें. त्या घटनेस पन्नास वर्षें झालीं तेव्हां, म्हणजे १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं त्यांनीं तोच प्रवास पुन्हा केला. ह्या वेळचें विमान लेपर्ड मॉथ हें होतें. ती जातही पहिल्या उड्डाणाच्या काळांतलीच, १९३३ सालीं निघालेली. माणूस व यंत्र हीं दोन्ही जपलेलीं होतीं, म्हणूनच हें घडलें.

खर्चाचा हिशेब :— विमानाचा खर्च तीन प्रकारचा असतो. पहिला ठरलेला : जागेचें भाडें, विमा व वार्षिक तपासणी. विमान उडो वा न उडो, हा द्यावाच लागतो. दुसरा उड्डाणाचा : पेट्रोल व तेल. तिसरा झिजेचा, आणि पुष्कळ नवे मालक नेमका हाच विसरतात. अशा इंजिनांचे सर्व भाग उलगडून पुन्हा नव्यासारखे करण्याची मुदत निर्माते साधारणपणें २,००० तासांची सांगतात. समजा, त्या कामास ३०,००० डॉलर लागणार आहेत; तर प्रत्येक तासामागें १५ डॉलर आजपासूनच बाजूस ठेवले पाहिजेत. पेट्रोलाचा पैसा तत्काळ द्यावा लागतो म्हणून तो दिसतो. झिजेचें ऋण निमूटपणें वाढत जातें व एके दिवशीं एकदम उभें राहतें. आतां ठरलेल्या खर्चाचें गणित पाहूं. तो वर्षाला ६,००० डॉलर आहे असें धरल्यास, वर्षांत ६० तास उडणाऱ्याला तासामागें १०० डॉलर पडतात. १५० तास उडणाऱ्याला ४० च पडतात. म्हणून दोघांतिघांनीं मिळून एक विमान घेणें पुष्कळ वेळां शहाणपणाचें ठरतें. मात्र देखभालीची जबाबदारी कोणाकडे, हें आधींच लेखी ठरवावें लागतें. नाहींतर ‘दुसऱ्यानें पाहिलें असेल’ असें प्रत्येकाला वाटतें आणि पाहत कोणीच नाहीं.

साहित्य :— दिवसा, स्वच्छ हवेंत उडण्यास लागणारीं साधनें थोडींच आहेत : वेगदर्शक, उंचीदर्शक, होकायंत्र, इंजिनाचे फेरे दाखविणारें यंत्र, तेलाचा दाब व उष्णता दाखविणारीं यंत्रें, पेट्रोलाचा काटा आणि बसणाऱ्यांचे पट्टे. रात्रीं उडावयाचें असल्यास डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा, उजव्या टोकाला हिरवा व शेपटीला पांढरा दिवा लागतो. शिवाय दुरून लक्ष वेधून घेणारा लुकलुकता दिवाही लागतो. १ जानेवारी २०२० पासून, गजबजलेल्या आकाशभागांत शिरणाऱ्या विमानांना आपलें स्थान आपोआप कळविणारें रेडिओयंत्र बाळगणें त्या देशांत सक्तीचें झालें.

संकटसूचक यंत्राविषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे. विमान आदळतांच हें यंत्र आपोआप रेडिओसंदेश पाठवूं लागतें. ऑक्टोबर १९७२ मध्यें अमेरिकन काँग्रेसचे हेल बॉग्ज व निक बेगिच ह्या दोन सभासदांना घेऊन जाणारें एक लहान विमान अलास्कांत नाहींसें झालें. फार मोठा शोध करूनही तें सांपडलें नाहीं. अशा प्रसंगांनीं ह्या यंत्राची गरज लोकांना पटली. तथापि तें केवळ बसविल्यानें काम भागत नाहीं. त्याची तपासणी दर बारा महिन्यांनीं करावी लागते, आणि बॅटरीचें निम्में आयुष्य संपलें किंवा ती एकंदर एक तासाहून अधिक वापरली गेली कीं बदलावी लागते. शिवाय जुनीं यंत्रें १२१.५ मेगाहर्ट्झवर हाक देत, आणि ती हाक ऐकणें उपग्रहांनीं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलें. आतां ते ४०६ मेगाहर्ट्झची हाकच ऐकतात. ज्यानें जुनें यंत्र तसेंच ठेवलें, त्याचें यंत्र उत्तम चालूं शकेल. पण उपग्रहापर्यंत त्याची हाक पोंचणार नाहीं.

उड्डाणापूर्वींची तपासणी :— प्रत्येक उड्डाणापूर्वीं वैमानिक विमानाभोंवतीं एक प्रदक्षिणा घालतो. टाकीच्या तळाशीं असलेल्या तोटींतून थोडें पेट्रोल पारदर्शक पेल्यांत काढून पाहतो. पाणी पेट्रोलाहून जड असल्यामुळें तें तळाशीं बसतें. झांकणांतून झिरपलेला पाऊस किंवा टाकींत जमलेलें दंव येथेंच पकडलें जातें. हें पेट्रोल निळ्या रंगाचें केलेलें असतें. रंग तसा न दिसल्यास भलतेंच इंधन भरलें गेल्याचा संशय घ्यावा. नंतर तेलाची पातळी, चाकांतील हवा, पंख्याच्या पात्यांवरील चिरा, सुकाणूचीं बिजागरें हीं सर्व पाहतो.

पंखाखालीं पिटो नांवाची एक बारीक नळी असते. तिच्यांत शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग कळतो. आपल्या घराच्या भिंतीवर मातीचें घर करणारी कुंभारीण माशी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या जातीच्या माशांना ही नळी आयतें घर वाटते. डोमिनिकन प्रजासत्ताकांतील पोर्तो प्लाता येथून निघालेलें एक मोठें प्रवासी विमान ६ फेब्रुवारी १९९६ रोजीं समुद्रांत पडलें व त्यांतील १८९ माणसें मृत्यु पावलीं. एक पिटो नळी बुजल्यामुळें खोटा वेग दिसला व वैमानिक गोंधळले; ती बहुधा अशाच माशीच्या मातीनें बुजली असावी, असें तपासाअंतीं ठरलें. तें विमान कांहीं दिवस नळ्यांना झांकणें न घालतां उभें होतें. लहान विमानाच्या मालकानें एक तांबड्या फितीची पिशवी त्या नळीवर घालणें व उड्डाणापूर्वीं ती आठवणीनें काढणें, ह्या क्रियेची किंमत ह्यावरून कळेल.

सेस्नाच्या आसनाचीही गोष्ट बोधप्रद आहे. आसन दोन रुळांवर पुढेंमागें सरकतें व रुळांतील भोंकांत खिळी बसून घट्ट होतें. वर्षांनुवर्षांच्या वापरानें भोंकें झिजतात. विमान वर चढतांना आसन एकाएकीं मागें घसरलें तर वैमानिक हातांतील चक्र धरून मागें ओढला जातो. विमानाचें नाक वर उठतें, वेग नाहींसा होतो व विमान कोसळतें. असे अपघात घडल्यामुळें १९८७ मध्यें सरकारनें हे रूळ नियमितपणें मापून पाहण्याची आज्ञा काढली व २०११ मध्यें ती सुधारून पुन्हा जारी केली. अशा आज्ञा पाळल्यावांचून विमान उडविणें बेकायदेशीर असतें.

मुदतीची निगा :— दर बारा महिन्यांनीं विशेष अधिकारप्राप्त मेकॅनिककडून विमानाची पूर्ण तपासणी झालीच पाहिजे. भाड्यानें उतारू नेणाऱ्या विमानाची ह्याशिवाय दर १०० तासांनीं तपासणी होते. कांहीं किरकोळ कामें परवानाधारक मालकाला स्वतः करण्याची मुभा आहे : तेल बदलणें, प्लग साफ करणें, टायर बदलणें, बॅटरीची देखभाल, दिव्यांची अदलाबदल. पण काम केल्यावर तारीख, कामाचें वर्णन, सही व परवान्याचा क्रमांक वहींत लिहावाच लागतो. तेल साधारणपणें ५० तासांनीं बदलतात, आणि काढलेला गाळणा फेंकून न देतां कापून उघडतात. त्याच्या घड्यांत धातूचे चकचकीत कण दिसले तर इंजिनाच्या पोटांत कांहींतरी झिजत आहे असें समजावें. वैद्य ज्याप्रमाणें रक्त तपासून रोग ओळखतो, त्यांतलाच हा प्रकार.

न वापरलेलें विमान सुरक्षित राहतें, हा समज मात्र चुकीचा आहे. इंजिन चालतांना जळणापासून पाण्याची वाफ निर्माण होते व ती तेलांत मिसळते. तेल चांगलें तापलें तरच ती निघून जाते. ह्या जातीच्या पुष्कळ इंजिनांत झडपा हलविणारा दंड वरच्या बाजूस असतो. इंजिन अनेक आठवडे बंद राहिलें कीं त्यावरचें तेल ओघळून जातें व उघड्या पोलादाला गंज धरतो. जमिनीवरच पांच मिनिटें इंजिन फिरविल्यानें लाभाऐवजीं हानिच होते, कारण वाफ तयार होते पण ती निघून जाण्याइतकी उष्णता मिळत नाहीं.

उलट, सतत काम करणारें इंजिन किती सोसतें तें पाहा. ४ डिसेंबर १९५८ रोजीं रॉबर्ट टिम व जॉन कुक हे दोघे लास वेगास येथून सेस्ना १७२ मध्यें बसून निघाले, ते ७ फेब्रुवारी १९५९ रोजीं उतरले. ६४ दिवस, २२ तास व १९ मिनिटें विमान हवेंतच होतें. रस्त्यावरून धांवणाऱ्या मोटारट्रकमधून नळी वर ओढून ते पेट्रोल घेत. इंजिन चालू असतां तेल बदलतां यावें अशी योजना त्यांनीं आधींच केली होती. तरीही १,५५८ तासांच्या ह्या श्रमानें सिलिंडरांत काजळी साचली, शक्ति घटत गेली, आणि भरल्या टाकीनें वर चढणें अवघड झालें तेव्हां त्यांना उतरावें लागलें. निगेनें झीज लांबते. ती टळत नाहीं.

अमेरिकेच्या कायद्यांत एक वाक्य फार महत्त्वाचें आहे : विमान उड्डाणयोग्य स्थितींत ठेवण्याची मुख्य जबाबदारी त्याच्या मालकाची किंवा तें चालविणाऱ्याची आहे. मेकॅनिक वर्षांतून एकदां पाहतो, सरकारी अधिकारी क्वचितच पाहतो. उरलेले सर्व दिवस विमानाच्या घरांत मालक एकटाच असतो. तोटींतून पेट्रोल काढून पाहिलें कीं नाहीं, हें विचारणारा तेथें कोणी नसतो. वहीवरची सही खरी आहे कीं खोटी, हें त्याचें त्यालाच ठाऊक असतें. आणि त्या सहीवर विसंबून त्याच्या शेजारीं त्याची बायकामुलें व मित्र निःशंकपणें येऊन बसतात. विमान विकत घेण्यास पैसा पुरतो. त्याचा मालक होण्यास ही प्रामाणिक दक्षता लागते.