खेळ किती आणि कसा?

गेल्या दिवाळीनंतर मोरा कोळीवाड्यातली दहा वर्षांची एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे उरणला आली. उजवा खांदा दुखतो, वेणी घालायला हात वर होत नाही, अशी तक्रार. मार लागलेला नव्हता. चौकशी केल्यावर कळले की, ती आठवड्याचे सहा दिवस, सकाळ-संध्याकाळ मिळून रोज तीन तास पोहण्याच्या तलावात असते. वडिलांची इच्छा अशी, की मुलीने घारापुरी ते गेटवे ऑफ इंडिया हे अंतर पोहून जावे. "आम्ही दर्यावरची माणसं डॉक्टर, हिला पाण्याचं काय जड?" आई म्हणाली.

इच्छा वाईट नाही. १९९४ साली रुपाली रेपाळे हिने वयाच्या १२ व्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून पार केली, तेव्हापासून कितीतरी आईबापांनी असे स्वप्न पाहिले. पण पुढे त्या खाडीसाठी किमान वय १६ ठरविण्यात आले, हे फारसे कोणी सांगत नाही.

मुलांची हाडे टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून वाढतात. ही पट्टी पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते. तीच हालचाल रोज शेकडो वेळा झाली की तिच्यावर आणि भोवतालच्या स्नायुबंधांवर ताण येतो. पोहणाऱ्यांचा खांदा दुखतो, तशीच आठ ते तेरा वर्षांच्या धावणाऱ्या मुलांची टाच दुखते.

येथे माझीही चूक झाली. मी चिठ्ठीवर 'एक महिना खेळ बंद' असे लिहून दिले. आईने ते तंतोतंत पाळले. महिन्याने खांदा बरा होता, पण पोरगी घुम्यासारखी समोर बसली. संध्याकाळ मोबाइलवर जाई, रात्री झोप येत नसे. विश्रांती फक्त खांद्याला सांगायची होती, ती मी सगळ्या मुलीला सांगितली.

मग तिला दोरीच्या उड्या, लंगडी आणि खो-खो सांगितले. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असे खेळावे, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी हाडे व स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोहण्यात शरीराचे वजन पाणी पेलते, म्हणून हाडांना म्हणावा तसा लाभ होत नाही. तो उडी मारण्यात होतो. साधारण चार वर्षांचे मूल एका पायावर उड्या मारू लागते, म्हणजे लंगडीचे वय तेथूनच सुरू. खो-खोत चटकन दिशा बदलावी लागते, शिवाय खो मिळेपर्यंत जागेवर दम धरून बसावे लागते. (हे पुष्कळ मोठ्या माणसांनाही जमत नाही.)

शिकवणीच्या खेळाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत. दहा वर्षांच्या मुलीला दहा तास; हिचे अठरा होत होते! आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी हवीच, आणि वर्षातून दोन-तीन महिने तो खेळ बाजूला ठेवून दुसरे काही खेळू द्यावे. दुसऱ्या दिवशीही राहणारे दुखणे, लंगडणे, सांध्यावरची सूज किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल तर गोळी देऊन मैदानावर पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा.

बंदराजवळच्या पालकांना आणखी एक सांगतो. पोहता येते म्हणून मुलाला धक्क्यावर एकटे सोडू नका. ओहोटीला मोऱ्याची लाँच ज्या गाळापायी अडते, त्यात मुलाचा पाय रुतला तर पोहणे कामाला येत नाही.

ती मुलगी आता चार दिवस पोहते आणि शाळेच्या खो-खो संघात आहे. वडील अजून घारापुरीचा विषय काढतात. मी म्हणतो, पंधरा-सोळाची होऊ द्या, मग तिलाच विचारा.