शिरढोणहून टस्कनीकडे, अकलूजमार्गे

इटलीतल्या टस्कनीची वाइन समजून घ्यायला निघालेला हौशी माणूस आधी नावांतच अडकतो. कियांती, ब्रुनेल्लो, बोल्गेरी ही यादी पाठ करू नका. सांजोवेजे हे एकच द्राक्ष धरा. टस्कनीतल्या बहुतेक नामवंत लाल वाइन त्याच्याच, आणि ते आपल्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूज परिसरात पिकतं. तिथली 'फ्रातेली' वाइनरी मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतलं सेची अशा तीन घराण्यांची. वाइन घडवायला आले तेही टस्कनीचेच पिएरो मासी.

म्हणून पहिली बाटली फ्रातेलीच्या सांजोवेजेची घ्या. पनवेलच्या परवानाधारक दुकानात नसेल तर मागवून ठेवायला सांगा. राज्यात वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे.

लाल वाइन थंड करत नाहीत, हा समज पनवेलजवळच्या आपल्या शिरढोणच्या हवेत बाजूला ठेवावा. ती 16 ते 18 अंशांवर खुलते आणि आपल्या घरात उन्हाळ्यात पारा तिशीच्या वर असतो. प्यायच्या आधी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पेला एक-तृतीयांशच भरा. पांढऱ्या कागदासमोर रंग बघा, पेला हलकेच फिरवून वास घ्या, मग छोटा घोट तोंडात घोळवा. सांजोवेजेत आंबटपणा ठळक असतो आणि जांभूळ खाल्ल्यावर बसते तशी मिठी जिभेला जाणवते. जे जाणवलं ते त्याच दिवशी वहीत लिहा, आपल्याच शब्दांत. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीनेक दिवस चांगली राहते.

सोबत काय खायचं यावर मात्र वेळ खर्च करा. लाल तिखटाच्या रश्शापुढे ही वाइन जळजळीत लागते, मासळीबरोबर तोंडात धातूसारखी चव रेंगाळते. माझ्या मते तिची खरी जोडी थंडीतल्या पोपटीशी आहे. वालाच्या शेंगा, कोंबडी, ओवा, मीठ आणि भांबुर्डीच्या पाल्याचा धुरकट वास. मसाला बेताचा असल्याने वाइनचा आंबटपणा स्वच्छ कळतो. तळलेल्या मासळीला पांढरी शेनिन ब्लाँ घ्या.

पुढची पायरी कियांती क्लासिकोची. फ्लोरेन्स आणि सिएना यांच्यामधला हा टापू. त्याची हद्द 1716 साली तिसऱ्या कोसिमो द मेदिचीने आखून दिली. बाटलीवर काळा कोंबडा असतो आणि आत किमान 80 टक्के सांजोवेजे. ती अकलूजच्या बाटलीशेजारी ठेवून एकाच बैठकीत चाखा, वही उघडी ठेवा. एकट्याने शंभर बाटल्या चाखण्यापेक्षा अशा एका तुलनेतून जास्त शिकायला मिळतं. मोंताल्चिनोची ब्रुनेल्लो पूर्णपणे सांजोवेजेची असते आणि काढणीनंतर पाचव्या वर्षीच बाजारात येते. आयात शुल्कामुळे ती महाग पडते, तेव्हा चार-सहा जणांनी वर्गणी काढून घ्यावी.

अकलूजला जायचं तर फेब्रुवारीच्या सुमारास, काढणीच्या दिवसांत. एक्स्प्रेसवेने पुणे, सोलापूर रस्त्याने इंदापूर, तिथून अकलूज. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काढणी. टस्कनीत काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. बागेत मणी तोडून खाऊन बघा: लहान, बियांचा, खायच्या थॉम्पसन द्राक्षाहून अगदी वेगळा. आधी फोन करून वेळ ठरवा, मुक्काम तिथेच करा आणि वाइन चाखल्यावर त्या दिवशी गाडी चालवू नका.