दूरस्थ कार्यातील संभाषाविधी : वैद्य आणि औषधालय

वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहेत. आपल्या पूर्वसूरींच्या काळी हे चारही पाद बहुधा एकाच छपराखाली असत. वैद्यांनी मात्रा सांगावी, परिचारकाने आतून विचारून खात्री करावी आणि पुडी बांधावी, अशी रीत होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि ही रीत एकाएकी खंडित झाली. एप्रिल २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने दूरचिकित्सेसंबंधी मार्गदर्शक सूचनाही दिल्या. टाळेबंदी सरली, तरी दुरून काम करण्याची पद्धत टिकून राहिली. म्हणून तिच्या गुणदोषांचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

एक अनुभव

टाळेबंदीच्या काळात आम्ही घरून रुग्ण पाहत होतो. औषधे चिकित्सालयातून दिली जात. मूत्रदाहाच्या एका रुग्णेसाठी आम्ही भ्रमणध्वनीवर ‘चंद्र. २-२, ८ दिवस’ एवढाच संदेश पाठविला. आमच्या मनात चंद्रप्रभा वटी होती. परिचारकाने चंद्रकला रस बांधून दिला. मूत्रदाहात दोहोंचाही विचार होतो, त्यामुळे त्याची निवड अगदीच निराधार नव्हती. परंतु एक गुग्गुळ-शिलाजतुप्रधान कल्प, तर दुसरा पारद, गंधक व ताम्रभस्मयुक्त रसकल्प! ‘या वेळच्या गोळ्या निराळ्या का दिसतात?’ असे रुग्णेने औषध घेण्यापूर्वीच विचारले, म्हणून अनर्थ टळला.

परिचारकास विचारता तो म्हणाला, ‘शंका आली होती, पण आपण विश्रांती घेत असाल, म्हणून विचारले नाही.’ या उत्तराने आम्ही अंतर्मुख झालो. दोष त्याच्या अज्ञानाचा नव्हता. अपुरे लिहिणे हा आमचा दोष होता आणि विचारण्यास संकोच वाटावा असे वातावरण ठेवणे, हा त्याहून मोठा.

लेखनाची शिस्त

आपल्या व्यवसायातील संक्षेप समोरासमोर सोयीचे, पण दुरून घातक ठरतात. ‘गु.’ म्हणजे गुंज, गुग्गुळ की गुटी? ‘र.’ म्हणजे रस की रती? मानाचेही तसेच. आयुर्वेदिक फॉर्म्युलरीतील परिवर्तनानुसार १ गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम, १ माषा म्हणजे १ ग्रॅम आणि १ तोळा म्हणजे १२ ग्रॅम. ‘४ गु.’ हे ४ ग्रॅम असे वाचले गेल्यास मात्रा आठपट होते. यास्तव कल्पाचे पूर्ण नाव, घटकमान, मात्रा, औषधकाल, अनुपान आणि दिवस ही सहा अंगे प्रत्येक चिठ्ठीत असावीत. मात्रा मिलिग्रॅम अथवा ग्रॅममध्येच लिहावी. रुग्णाची माहिती सर्वांच्या सामायिक गटात न टाकता संबंधित परिचारकासच पाठवावी.

प्रतिप्रश्न हे कर्तव्य

विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार वर्णिले आहेत. संधाय संभाषेत निःशंकपणे विचारावे, निःशंकपणे सांगावे आणि पराभवाचे भय बाळगू नये, असा आशय आहे. हा उपदेश विद्वानांच्या परिषदेपुरता मर्यादित नाही, असे आमचे मत आहे. आता आमच्याकडे परिचारक चिठ्ठी मिळताच ती वाचून दाखवितो आणि आम्ही ‘योग्य’ म्हटल्यावरच पुडी बांधतो. उत्तर न मिळाल्यास औषध थांबते. अंदाजाने दिले जात नाही. ज्या दिवशी त्याने आमची चूक दाखविली, त्या दिवशी आम्ही सर्वांसमक्ष त्याचे आभार मानले. त्यानंतर प्रश्न विचारण्याचा संकोच पुष्कळ कमी झाला.

निर्मितीचे कार्य

औषधनिर्मात्यांसही हेच लागू आहे. च्यवनप्राशाच्या चरकोक्त पाठात आवळे ५०० अशी संख्या आहे. खरेदी मात्र किलोने होते. मालक शहरात आणि भट्टी गावी असेल, तर ‘आवळा आला’ या निरोपातून काय समजावे? वजन किती, फळ कसे, कोणी पारखले आणि पाकास कधी लागणार, हे कळविलेच पाहिजे. आवळ्याचा हंगाम निघून गेल्यावर चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून प्रत्येक कामास एकच उत्तरदायी व्यक्ती आणि एकच तारीख नेमावी. ‘सर्वांनी पाहावे’ असे म्हटले की कोणीच पाहत नाही. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी बोलावे आणि निर्णय त्याच दिवशी नोंदवहीत उतरवावा. परिशिष्ट ‘टी’ अन्वये घाणवार नोंदी आपण ठेवतोच. दूरध्वनीवर ठरलेला बदलही तेथेच लिहिला, तर पुढे वाद राहत नाही.

समारोप

साधने बदलतील, आज भ्रमणध्वनी आहे, उद्या आणखी काही येईल. परंतु पूर्ण लिहिणे, परत वाचून दाखविणे, निःसंकोच विचारणे आणि न रागावता उत्तर देणे, या चार सवयी कोणत्याही साधनास लागू पडतात. त्यातील शेवटची सवय आपणा वैद्यांची आहे आणि इतर तीन तिच्यावरच अवलंबून आहेत. वाचकांनी आपल्या चिकित्सालयातील गेल्या आठवड्याचे संदेश एकदा काढून वाचावेत. त्यांतील किती चिठ्ठ्या नवख्या परिचारकास निःसंदिग्धपणे कळल्या असत्या, याचे प्रामाणिक उत्तर प्रत्येकाने स्वतःस द्यावे.