चॅट बॉट खोळंबतो कुठे?

इंदापूर तालुक्यात भिगवणच्या एका मासळी व्यापाऱ्यासाठी आम्ही पायथॉनमध्ये चॅट बॉट लिहिला. गिऱ्हाईक ‘चिलापी’ लिहिते, बॉट भाव सांगतो. सकाळी बारामतीचे खाणावळवाले एकदमच विचारू लागले आणि बॉट गप्प! दोष आमच्याच मदतनीस फंक्शनचा. एकाचा भाव नेटवरून येईपर्यंत ते बाकीच्यांना ताटकळत ठेवी.

हॉटेलातला पोऱ्या चहा उकळेपर्यंत भट्टीपाशी उभा राहत नाही, पुढच्या टेबलाकडे जातो. पायथॉन ३.५ मध्ये, २०१५ साली, यासाठी दोन शब्द आले. फंक्शनच्या ‘डेफ’आधी ‘असिंक’ आणि जिथे वाट पाहायची तिथे ‘अवेट’. नुसते ‘असिंक’ लिहून मात्र भागत नाही. आत ‘टाइम.स्लीप’ राहिले की बॉट पूर्वीसारखाच अडतो, तिथे ‘असिंकआयओ.स्लीप’ हवे. नेटवरून भाव आणायला ‘रिक्वेस्ट्स’ऐवजी ‘एआयओएचटीटीपी’ घ्यावे.

‘अवेट’ विसरणे त्याहून महाग. फंक्शन चालतच नाही, पडद्यावर फक्त एक इशारा उमटतो. आमचीही एक ऑर्डर अशीच वहीत चढली नाही. गिऱ्हाईक दारात आले तेव्हा कळले. आता ऑर्डर नोंदवणाऱ्या फंक्शनला आम्ही ‘असिंकआयओ.वेट_फॉर’ने पाच सेकंदांची मुदत घालतो. तेवढ्यात नोंद झाली नाही तर बॉट सांगतो, ‘दुकानात फोन करा.’