मलमाने न जाणारा चट्टा

सुरतच्या डिंडोलीतल्या माझ्या ताई-दादांनो,

पोराच्या डोक्यात रुपयाएवढा चट्टा दिसतो. वर पांढरट कोंडा, केस मुळाशी तुटलेले, पोरगं सारखं खाजवतंय. मग संध्याकाळी कामावरून येताना दादा मेडिकलमधून एक ट्यूब घेऊन येतात. चार दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि घरात सगळ्यांना हायसं वाटतं. घात होतो तो इथेच. अशा कित्येक ट्यूबमध्ये क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने लाली दबते, पण खालची बुरशी पसरतच राहते. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय असली ट्यूब लेकराच्या डोक्याला लावू नका, एवढं माझं ऐका.

हा डोक्यातला गजकर्ण, आपले गुजराती शेजारी ज्याला दादर म्हणतात तोच. अंगावरचा गजकर्ण मलमाने जाऊ शकतो. डोक्यात मात्र बुरशी केसाच्या आत, थेट मुळापर्यंत शिरते. कपाशीतलं तण वरवर खुडावं, तसं मलमाचं होतं. म्हणून औषध पोटातूनच द्यावं लागतं: ग्रिसिओफुल्विन किंवा टर्बिनाफिन, मुलाच्या वजनाप्रमाणे. ग्रिसिओफुल्विन साईच्या दुधासोबत किंवा तूप घातलेल्या जेवणानंतर दिलं तर अंगी चांगलं लागतं. ते बहुधा 6 ते 8 आठवडे चालतं.

एवढ्या लहान पोराला इतके दिवस गोळ्या? ही भीती मला समजते. पण या गोळ्या यायच्या आधी काय होतं, तेही ऐका. 1950च्या दशकात इस्रायलमध्ये याच रोगासाठी हजारो मुलांच्या डोक्याला क्ष-किरण दिले गेले आणि पुढे त्यांच्यात मेंदूच्या गाठींचं प्रमाण वाढलेलं आढळलं. ग्रिसिओफुल्विन आलं आणि ती वेळ टळली. साठहून अधिक वर्षं हे औषध मुलांना दिलं जातंय.

खरी अडचण वेगळीच आहे. मधेच धुळ्याकडे लग्न निघतं, सुट्टी लागते, आपण उधन्याहून भुसावळच्या गाडीत बसतो आणि गोळ्यांची पट्टी इथेच फळीवर राहते. गावी पंधरा दिवस खाडा पडला की रोग पुन्हा डोकं वर काढतो. पिशवीत लेकराच्या कपड्यांआधी त्या गोळ्या ठेवा. नवे केस दिसू लागले तरी डॉक्टर सांगेपर्यंत बंद करू नका.

चट्टा अगदी गुळगुळीत असेल, कोंडा नसेल, तर ती चाईही असू शकते आणि तिचं औषध वेगळं. म्हणून स्मीमेर किंवा नवीन सिव्हिल रुग्णालयात चामडीच्या विभागात दाखवा. तिथे चट्ट्यावरचा कोंडा आणि दोन-चार तुटके केस घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतात. लेकराला फारसं दुखतही नाही. आणि डोक्यावर मऊ, पू झिरपणारी सूज आली, मानेमागे गाठी आल्या, तर गळू समजून दाबू नका, चिरायला लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. उशीर झाला तर केसांची मुळं मरू शकतात आणि ती जागा कायमची उजाड राहू शकते.

एका खोलीत चार-पाच जणं, एकच फणी, एकच टॉवेल. हे आपल्या घरोघरचं आहे, यात लाज कसली? आजारी लेकराची फणी, टॉवेल, उशीचा अभ्रा तेवढा वेगळा करा, भावंडांची डोकी उजेडात नीट बघा. किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा घरातल्या सगळ्यांनी लावायचा का, हे डॉक्टरांना विचारा. गल्लीतलं मांजर किंवा कुत्र्याचं पिल्लू पोरं खेळवत असतील आणि त्याचे केस झडलेले असतील, तर तेही सांगा.

आणि ताई, मुलीचं मुंडण करू नका. त्याने बुरशी जात नाही. पोरगी मात्र वर्गात मान वर करत नाही. औषध सुरू झालं की तिला शाळेत पाठवा, बाईंना चिठ्ठी लिहून कळवा आणि मैत्रिणीची फणी किंवा रुमाल घ्यायचा नाही, एवढं तिला प्रेमाने समजावून सांगा.